कंसात दिलेला शब्द

तारीख त = (मुदतठेव) क.पूर्तीतारीख();

ही ओळ जावा या संगणकभाषेतली आहे. 'क' नावाने जे खातं हातात आलंय ते मुदतठेव आहे असं धरा आणि तिची मुदत कधी भरते ते सांगा, एवढंच लिहिणाऱ्याला म्हणायचं आहे. माणसाला ते कळतं. लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा जो कंपायलर, त्याला कळत नाही. तो 'कॅनॉट फाइंड सिंबॉल' असा शेरा मारतो, खाली ती ओळ जशीच्या तशी छापतो आणि तिच्याखाली एक टोकदार खूण करतो. ती खूण बरोबर टिंबाखाली पडलेली असते. नवी मुलं शेरा वाचतात, खुणेकडे बघत नाहीत. खरं दुखणं त्या टिंबात आहे.

पुण्यात मी पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करते. कॉलेजातून नवं कुणी आलं की पहिले काही महिने त्याला माझ्या शेजारी बसवायची आमच्याकडे पद्धत आहे. बार्शी, इस्लामपूर, चाळीसगाव, कुठून कुठून मुलं-मुली येतात. जावा सगळ्यांनी परीक्षेपुरती केलेली असते. ॲनिमल, डॉग आणि कॅट यांची उदाहरणं ऐकून त्यांचे कान किटलेले असतात, म्हणून मी थेट ठेवींवर येते.

वरची ओळ देवनागरीत आहे, ती वाचकांच्या सोयीसाठी केलेली रंगसफेदी नाही. जावाने सुरुवातीपासून युनिकोड स्वीकारलं, त्यामुळे क्लासला, म्हणजे वस्तूच्या साच्याला, 'मुदतठेव' आणि मेथडला, म्हणजे त्या वस्तूकडून करून घ्यायच्या कामाला, 'पूर्तीतारीख' अशी नावं खरोखरच देता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात, आणि या ओळीत राखीव शब्द एकही नाही. पूर्वी विंडोजवर कंपायलरला फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे वेगळं सांगावं लागायचं. २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून तेही नको. ऑफिसच्या कोडमध्ये आम्ही मराठी नावं वापरत नाही, पण शिकवताना मी हट्टाने वापरते.

आता मांडणी बघू. 'खाते' हा एक क्लास. त्यात खातेक्रमांक, खातेदाराचं नाव, शिल्लक. त्याच्यापासून निघालेले बचतखाते, मुदतठेव, कर्जखाते हे पोटक्लास. खात्याला जे जे असतं ते मुदतठेवीला असतंच, शिवाय पूर्तीची तारीख असते. 'क' हा व्हेरिएबल मात्र 'खाते' या प्रकारचा जाहीर केलेला आहे. त्यात मुदतठेव ठेवायला जावाची हरकत नाही, कारण प्रत्येक मुदतठेव हे खातंच आहे. पण एकदा 'खाते' म्हणून हातात घेतलं की कंपायलर त्या जाहीर नावालाच धरून बसतो. आत प्रत्यक्ष काय येणार हे प्रोग्रॅम चालेल तेव्हा ठरणार, आणि कंपायलरचं काम त्याआधीच संपलेलं असतं. खात्याच्या व्याख्येत 'पूर्तीतारीख' नाही, म्हणून तो अडवतो.

एकच बाई तहसील कचेरीत अर्जदार असते, रेशनच्या दुकानात कार्डधारक आणि शाळेत पालक. रेशन दुकानदार तिला मुलाची इयत्ता विचारत नाही, त्याच्या वहीत तो रकानाच नसतो. कंसात प्रकाराचं नाव लिहून जे कास्टिंग करतात ते म्हणजे एवढंच, रकाना बदलून घेणं. बाई आहे तीच राहते.

हे शेवटचं वाक्य मला पुन्हापुन्हा सांगावं लागतं, कारण जावातच एक दुसरं कास्टिंग आहे आणि ते अगदी असंच दिसतं. ७.९ या अपूर्णांकापुढे कंसात 'इंट' लिहिलं की हाती ७ येतात. दशांश चिन्हापुढचा भाग सरळ छाटला जातो, जवळच्या पूर्णांकात रूपांतर वगैरे काही होत नाही. व्याजाच्या हिशेबात असा एक कंस नको तिथे पडला तर पैशांचे पैसे गळतात. तिथे किंमत खरोखर बदलते. ऑब्जेक्टच्या, म्हणजे क्लासपासून बनलेल्या वस्तूच्या, कास्टिंगमध्ये काहीच बदलत नाही. मेमरीत पडलेली वस्तू तिथेच, तशीच असते, तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नावाचा प्रकार फक्त निराळा होतो. दोन वेगळ्या गोष्टींना एकच चिन्ह जावाने सी भाषेकडून उचललं, आणि त्याचा भुर्दंड अजून शिकणाऱ्यांना बसतोय असं माझं मत आहे.

टिंबाकडे येऊ. जावाच्या व्याकरणात टिंबाची पकड कास्टच्या कंसापेक्षा घट्ट असते. त्यामुळे पहिल्या ओळीचा कंपायलरने लावलेला अर्थ असा: आधी 'क'ला पूर्तीतारीख विचारा, आणि जे उत्तर येईल त्याला मुदतठेव म्हणा. लिहिणाऱ्याला हवं होतं नेमकं उलटं. ते असं लिहावं लागतं:

तारीख त = ((मुदतठेव) क).पूर्तीतारीख();

कंसांची आणखी एक जोडी. बाहेरच्या कंसाने आधी रकाना बदलून घेतला, मग टिंब.

मुलं इथे गोंधळतात याला कारण आहे. त्यांनी आधी शंभर ठिकाणी '(मुदतठेव) यादी.पहिले()' असं लिहिलेलं पाहिलेलं असतं, आणि तिथे एकच जोडी पुरते. कारण तिथे यादीला काही व्हायचं नसतं. यादीने जे काढून दिलं त्यालाच मुदतठेव म्हणायचं असतं. शब्दांचा क्रम दोन्हीकडे सारखा, अर्थ वेगळा. बार्शीच्या एका मुलाने मला विचारलं होतं, 'मॅम, मग दोन्हीकडे दोन-दोन जोड्या टाकल्या तर चालतील ना?' यादीच्या ओळीत बाहेर एक जास्तीची जोडी टाकून बिघडत काही नाही. पण तो प्रश्न ऐकून मी त्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली, 'कुणाला कास्ट करतोयस?' हे विचारत. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला, पण कंस बसले.

कंपायलरने ओळ मान्य केली म्हणजे काम झालं असं नाही. ऑब्जेक्टचं कास्टिंग हा लिहिणाऱ्याने कंपायलरला दिलेला शब्द आहे: आत मुदतठेवच आहे, माझ्यावर सोड. कंपायलर आंधळेपणाने सगळंच सोडत नाही. व्हेरिएबल मजकुराचा, म्हणजे स्ट्रिंग प्रकारचा असेल आणि तुम्ही त्याला मुदतठेव म्हणायला गेलात, तर तो तिथल्या तिथे हाकलतो, कारण या दोन क्लासांचं काही नातंच नाही. पण खात्याचं बचतखाते होऊ शकतं, मुदतठेवही होऊ शकते, आणि तिथे तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. अर्थात तपासणीची सोय करूनच. तयार होणाऱ्या बाइटकोडमध्ये तो 'चेककास्ट' नावाची एक सूचना घालून ठेवतो. जावातली प्रत्येक वस्तू आपण कोणत्या क्लासची आहोत याची नोंद जन्मापासून स्वतःबरोबर बाळगते. प्रोग्रॅम चालताना चेककास्टपाशी आला की तो चालवणारं जावा व्हर्च्युअल मशीन ती नोंद बघतं. जुळली तर पुढे, नाही तर 'क्लासकास्टएक्सेप्शन' आणि काम तिथेच थांबलं. सी भाषेत असला खोटा शब्द दिला तर कुणी तपासत नाही. मेमरीतला भलताच मजकूर तारीख म्हणून वाचला जातो आणि पावतीवर छापलाही जातो. त्या मानाने जावाचं मध्येच बंद पडणं परवडलं. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर नक्कीच.

अशी एक पडझड जवळून पाहिलेली सांगते. एका संस्थेचा डेटाबेस मायएसक्यूएलवरून ओरॅकलवर नेला गेला. शाखावार खात्यांची संख्या दाखवणारा एक अहवाल होता, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. नव्या डेटाबेसवर पहिल्याच दिवशी तो कोसळला. लॉग उघडला तर लिहिलेलं: बिगडेसिमल कॅनॉट बी कास्ट टू लाँग. झालं होतं असं की, मोजणीचं उत्तर डेटाबेसकडून 'ऑब्जेक्ट' म्हणून, म्हणजे कोणताही प्रकार न सांगता घेतलं जात होतं, आणि मग कुणीतरी पूर्वी त्याला 'लाँग' म्हणून कास्ट केलं होतं. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर मोजणीचं उत्तर लाँग म्हणूनच देतो, म्हणून शब्द खरा ठरत होता. ओरॅकलचा ड्रायव्हर आपल्या 'नंबर' या प्रकारासाठी बिगडेसिमल देतो. दोन्ही आकडेच, पण एक दुसऱ्याचा पोटक्लास नाही.

दुरुस्तीसाठी शेजारी बसलेल्या मुलीने लगेच लाँग पुसून बिगडेसिमल लिहायला घेतलं. म्हणजे पुन्हा डेटाबेस बदलला की पुन्हा तेच. लाँग आणि बिगडेसिमल या दोघांचा वरचा क्लास जावात एकच आहे, त्याचंही नाव 'नंबर', आणि त्यात 'लाँगव्हॅल्यू' नावाची मेथड आहे. ((नंबर) उत्तर).लाँगव्हॅल्यू() असं लिहिलं की आकडा कोणत्याही रूपात येवो, काम भागतं. आपल्याला जी मेथड बोलावायची आहे ती ज्या सगळ्यात वरच्या क्लासमध्ये सापडते, तिथवरच शब्द द्यावा. त्याहून नेमका शब्द द्यायची गरज नसताना तो दिला की कधीतरी तोंडघशी पडायला होतं.

मुळात एवढं कास्टिंग जावात आलं कुठून, असं कुणी विचारत नाही. विचारायला हवं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावा घडवली, ती १९९५ मध्ये लोकांसमोर आली, आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीत वस्तू गोळा करून ठेवायला 'व्हेक्टर' आणि 'हॅशटेबल' होते. १९९८ च्या अखेरीस जावा १.२ बरोबर जोशुआ ब्लॉक यांनी रचलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं, त्यात 'ॲरेलिस्ट' वगैरे मंडळी आली. या सगळ्या पिशव्यांची एकच खोड: आत काहीही टाका, बाहेर काढताना ते 'ऑब्जेक्ट' म्हणूनच मिळणार. ऑब्जेक्ट हा जावातल्या सगळ्या क्लासांचा मूळपुरुष, त्याच्याकडे व्याजही नाही आणि पूर्तीतारीखही नाही. टाकताना ठाऊक होतं की आत मुदतठेवी जातायत. ती माहिती यादीच्या तोंडाशी गळून पडली आणि बाहेर काढताना कास्ट करून ती परत जोडावी लागली.

माझ्या हाताखालच्या जुन्या कोडकडे मी असंच बघते. जिथे कास्ट दिसतो तिथे कुणालातरी पूर्वी ठाऊक असलेली गोष्ट मध्ये कुठेतरी हरवलेली असते. कास्ट बरोबर आहे का, हा दुसरा प्रश्न. माहिती कुठे गळली, हा पहिला. बहुतेक वेळा गळतीची जागा कास्टपासून बरीच लांब, वेगळ्याच फाइलमध्ये सापडते, आणि ती बुजवली की कास्टची गरजच उरत नाही.

यादीच्या तोंडाशी होणारी गळती बुजवायचा प्रयत्न जावाच्या बाहेरच्या माणसांनी आधी केला. मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॅडलर यांनी 'पिझ्झा' नावाची जावाची विस्तारित भाषा केली. मग १९९८ मध्ये गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांच्या साथीने 'जीजे', म्हणजे जेनेरिक जावा, मांडली. त्याच पायावर सप्टेंबर २००४ च्या जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले. यादी करतानाच 'ही मुदतठेवींची यादी' असं सांगायचं. मग आत बचतखातं टाकायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवणार आणि बाहेर काढलेली वस्तू मुदतठेव म्हणूनच मिळणार. कंस गेले.

गेले म्हणजे दिसेनासे झाले. तोवर जगभर जावाचा डोंगराएवढा कोड चालू होता, तो मोडून चालणार नव्हतं. म्हणून असं ठरलं की 'मुदतठेवींची' हे विशेषण कंपायलरपुरतंच ठेवायचं. तपासणी झाली की ते पुसून टाकायचं आणि बाहेर काढण्याच्या जागी कंपायलरने स्वतःच चेककास्ट घालायचा. यातून एक चक्रावून टाकणारा प्रकार घडतो. लॉगमध्ये क्लासकास्टएक्सेप्शन आणि ओळीचा क्रमांक असतो, आपण ती ओळ उघडतो, आणि तिथे कास्ट नावाचं काही नसतंच. नवखा माणूस तासभर लॉगच खोटा ठरवत बसतो. कास्ट तिथे असतो, कंपायलरने घातलेला. आणि खोटा शब्द दिलेला असतो दुसरीकडेच, जुन्या धाटणीच्या एखाद्या मेथडमध्ये, जिथे यादी कसलीही विशेषणं न लावता घेतलेली आहे आणि तिच्यात भलतीच वस्तू टाकलेली आहे. कंपायल करताना 'अनचेक्ड' अशी एक सूचना त्या फाइलबद्दल आलेली असते. ती लाल नसते, म्हणून कुणी वाचत नाही. मी वाचायला लावते.

अँड्रॉइडवाल्यांना हा न दिसणारा कास्ट दुसऱ्या वाटेने माहीत आहे. स्क्रीनवरचं बटण शोधून देणारी 'फाइंडव्ह्यूबायआयडी' नुसता 'व्ह्यू', म्हणजे स्क्रीनवरचा कुठलातरी घटक, परत द्यायची, म्हणून प्रत्येक बटणाला, प्रत्येक चौकटीला कंस. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये तिची व्याख्या जेनेरिक केली आणि ते कंस अनावश्यक ठरले. तपासणी मात्र अजूनही प्रोग्रॅम चालतानाच होते. चौकटीला बटण म्हटलंत तर ॲप पडणारच.

खात्री नसेल तर आधी विचारावं, यासाठी जावात 'इन्स्टन्सऑफ' आहे. पूर्वी याचा द्राविडी प्राणायाम होता: हे मुदतठेव आहे का विचारा, मग मुदतठेव म्हणून कास्ट करा, मग ते मुदतठेव प्रकारच्या नव्या नावात ठेवा. एकाच क्लासचं नाव तीनदा. मार्च २०२१ मध्ये आलेल्या जावा १६ पासून हे एका दमात होतं. 'क हे मुदतठेव आहे का, असेल तर त्याला म म्हणा' असं विचारायचं आणि पुढे थेट म.पूर्तीतारीख(). कंस नाही, चुकीची जोडीही नाही. आत काहीच नसेल, म्हणजे 'नल' असेल, तर उत्तर 'नाही' येतं. साध्या कास्टचं तसं नसतं. नल कोणताही क्लास म्हणून कास्ट होतो, मग पुढच्या टिंबापाशी 'नलपॉइंटरएक्सेप्शन' होऊन फुटतो. कास्ट झाला म्हणजे आत काहीतरी आहे, असं समजू नये.

या सोयीचा गैरवापरही होतो. व्याज काढायचं आहे, तर मुलं लिहितात: बचतखाते असेल तर हे, मुदतठेव असेल तर ते, कर्जखाते असेल तर आणखी काही. मग संस्था आवर्त ठेव सुरू करते, पिग्मी सुरू करते, आणि ही शिडी ज्या ज्या फाइलमध्ये आहे तिथे तिथे नवी पायरी ठोकायला हवी. एक फाइल हमखास राहते. व्याज या प्रत्येक खात्याला असतं, तर 'व्याज' ही मेथड 'खाते' या वरच्या क्लासमध्येच जाहीर करावी आणि प्रत्येक पोटक्लासने आपापली रीत लिहावी. 'क' खाते म्हणून जाहीर असला तरी क.व्याज() म्हटल्यावर मशीन वस्तूच्या स्वतःच्या क्लासची रीत चालवतं. उलट बाजूने ((खाते) ठेव).व्याज() असं लिहूनही साध्या खात्याचं व्याज मिळत नाही, ठेवीचंच मिळतं. रकाना बदलला तरी बाई तीच, हे इथे कळतं.

पण याचा अतिरेक करून काहींनी पूर्तीतारीखही खात्यात टाकलेली मी पाहिली आहे. बचतखात्याने तिथे काय उत्तर द्यायचं? नल दिलेलं होतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका व्याख्यानात मांडलेलं सूत्र असं की, वरच्या प्रकाराच्या जागी पोटप्रकार ठेवला तरी वापरणाऱ्याचा भरवसा मोडता कामा नये. सगळ्या खात्यांना मुदत असते असं वरच्या क्लासने सांगायचं आणि बचतखात्याने गप्प बसायचं, यात तो मोडतोच. त्यापेक्षा मला एक कास्ट पत्करला.

मधली वाट आता आहे. जावा १७ पासून 'खाते'चे पोटक्लास कोणते आणि एवढेच, असं बंद करून सांगता येतं, आणि सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून 'स्विच' त्या प्रकारांवर चालतो. बंदिस्त यादीत पिग्मी नव्याने घातली आणि स्विचमध्ये ती घ्यायची राहिली, तर कंपायलर ते सांगतो. आमच्याकडे निम्म्या संस्था अजून जावा ८ वर आहेत, त्यामुळे हे सुख मी घरच्या लॅपटॉपवर अनुभवते.

जिथे कास्ट टळतच नाही अशा जागाही आहेत. वेब ॲप्लिकेशनच्या सेशनमध्ये लॉगिन केलेल्या माणसाची माहिती ठेवली की काढताना ती आजही ऑब्जेक्ट म्हणूनच मिळते. आमच्या एका जुन्या प्रणालीत तो कास्ट पानोपानी केलेला होता. आता सेशनमधून माहिती काढणारी एकच मेथड आहे. तिच्यात आधी तपासणी आहे, एक कास्ट आहे, आणि भलताच प्रकार निघाला तर वापरणाऱ्याला पुन्हा लॉगिनच्या पानावर पाठवायची सोय आहे. बाकी कुठल्याही पानावर तोच कास्ट पुन्हा दिसला, तर तो कोड माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.